गँग्लिया: हेड नोड रिस्टार्ट केला की बाकीच्या नोड्सचे ग्राफ गायब, काय करू?

तुम्ही लिहिलंय की गँग्लिया (क्लस्टरमधल्या मशिन्सवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) युनिकास्टवर आहे, म्हणजे प्रत्येक नोड (मशीन) आपले आकडे थेट हेड नोडला पाठवतो, हेड नोड रिस्टार्ट केल्यापासून वेब पेजवर फक्त हेडचेच ग्राफ येतायत आणि एकेका नोडवर जाऊन जीमॉनडी (नोडचे आकडे गोळा करून पाठवणारा प्रोग्राम) रिस्टार्ट केला की तो नोड परत दिसायला लागतो. हे शेवटचं सांगितलंत ते बरं झालं, सगळी गोम तिथेच आहे.

अपाची, पीएचपी (वेब पेज दाखवणारे भाग) यांच्या मागे आत्ता लागू नका. आधी हेडवरच लोकलहोस्टच्या ८६४९ पोर्टला टेलनेट मारा, धडाधड एक्सएमएल येईल, त्यात बाकीच्या होस्टखाली मेट्रिक (मोजलेले आकडे) आहेत का बघा. तुमच्याकडे बहुतेक नसणार. मग तिथेच टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) लावून यूडीपी ८६४९ बघा, पॅकेट तर येतायत! म्हणजे माल पोचतोय पण हेडला तो ओळखता येत नाहीये.

कारण असं की जीमॉनडी नुसते आकडे वेगळे पाठवतो आणि ते आकडे कशाचे, नाव काय, युनिट काय हा मेटाडेटा वेगळा पाठवतो, तोही डिफॉल्टला फक्त स्वतः सुरू होताना किंवा कोणी मागितला तर. हेडचा जीमॉनडी रिस्टार्ट झाला की त्याच्या मेमरीतलं सगळं पुसलं जातं, मल्टिकास्टमध्ये (जिथे सगळे नोड एकमेकांचं ऐकतात) तो इतरांकडून परत मागून घेतो, युनिकास्टमध्ये ती सोय नाही.

म्हणून सगळ्या नोड्सच्या जीमॉनडी कॉन्फिगमध्ये ग्लोबल्सच्या ब्लॉकात सेंड_मेटाडेटा_इंटरव्हल असेल, तिथे ० काढून ३० टाका (सेकंद आहेत), सगळीकडे एकदा रिस्टार्ट मारा. पुढे हेड कितीही वेळा उठवा-बसवा, अर्ध्याएक मिनिटात सगळे परत हजर.

पॅकेटच येत नसतील तर फायरवॉल बघा, लोक टीसीपी उघडतात आणि यूडीपी विसरतात. आणि हेडच्या यूडीपी रिसीव्ह चॅनेलमध्ये २३९.२.११.७१ (हा मल्टिकास्टचा पत्ता) वाली एमकास्ट_जॉइन आणि बाइंडची ओळ राहिली असेल तर ती उडवा, नुसता पोर्ट ठेवा.

अजून एक, तुम्ही जीमेटाडीच्या (जीमॉनडीकडून माहिती घेऊन ग्राफसाठी साठवणारा प्रोग्राम) डेटा_सोर्समध्ये सगळ्या नोड्सची नावं लिहिलीयत, त्याने काही बेरीज होत नाही हो. तो त्यातल्या एकाकडूनच सगळ्या क्लस्टरची माहिती घेतो, बाकीचे नुसते बॅकअप, आणि तुमच्याकडे ती माहिती फक्त हेडकडे आहे. तिथे हेड एकटाच ठेवा.

एक्सएमएल भरलेलं दिसूनही ग्राफ रिकामेच राहिले, तर मग आरआरडीच्या (ग्राफचा डेटा ज्यात साठतो त्या फाइल्स) फोल्डरची ओनरशिप तपासा.