3 इंच लिफ्टनंतर (गाडी उंच केल्यावर) ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते आणि स्टिअरिंग तिरकं राहतं, ब्रेक बिघडलाय का?

बहुतेक ब्रेक ठीक असेल, आधी ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा रॉड) कोन बघा. लिफ्टमुळे ती जास्त तिरकी होते, मग ब्रेक दाबल्यावर नाक खाली बसतं तेव्हा तीच लिंक चाकं थोडी वळवते, आणि तुम्हाला वाटतं ब्रेक ओढतोय. अशा गाड्यांवर काम करताना मी आधी हेच तपासतो: गाडी उभी, स्टिअरिंग सरळ धरायला एकजण, आणि दुसऱ्याने पुढचा बंपर जोरात खाली दाबायचा, टायर वळताना दिसला की कारण सापडलं. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा रॉड) शक्यतो समांतर हवेत, नुसता ड्रॉप पिटमन आर्म (ड्रॅग लिंकचं स्टिअरिंग बॉक्सकडचं टोक खाली आणणारा आर्म) टाकून पॅनहार्ड तसाच ठेवला तर उलट जास्त त्रास होतो. तिरकं स्टिअरिंग मात्र ड्रॅग लिंकची लांबी ॲडजस्ट करून सरळ होतं.

हे सगळं सॉलिड ॲक्सलच्या (पुढची दोन्ही चाकं एकाच आडव्या ॲक्सलवर असलेल्या) गाडीसाठी. टायर वळत नसेल तर थोडं चालवून दोन्ही चाकांजवळ हात नुसता नेऊन बघा, लावू नका, एक बाजू खूप तापली असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जॅम आहे. आणि ब्रेक होज (ब्रेक ऑइलचा लवचीक पाइप)! चाक पूर्ण खाली लटकवून बघा, ताणला जात असेल तर बदलेपर्यंत गाडी काढूच नका.