टोरांटो विमानतळावर खोटं बोललो होतो, आता वर्क परमिट मिळेल का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की व्हिजिटर व्हिसावर कॅनडाला गेलात, 'फिरायला आलोय' म्हणालात, कामाचं ठरलेलं उघड झालं आणि नागपूरला परत यावं लागलं. आधी त्या वेळी हातात दिलेला कागद शोधा. सगळं त्यावर आहे.

नुसतं 'परत जाऊ दिलं' असं असेल तर बंदी नाही, पण नोंद राहतेच. एक्सक्लूजन ऑर्डर, म्हणजे देश सोडून ठरावीक काळ परत न येण्याचा आदेश असेल तर बंदी साधारण १ वर्ष. खोट्या माहितीचा ठपका असेल तर ५ वर्षं. ही मुदत देश सोडल्याची नोंद झाल्यापासून मोजतात आणि त्याआधी परतायला वेगळी लेखी परवानगी लागते.

फॉर्ममध्ये विचारतात, कुठल्याही देशानं प्रवेश नाकारला होता का? सीताबर्डीतला एखादा एजंट म्हणेल, 'नाही' लिहा, कोण बघतं? कृपा करून ऐकू नका. विमानतळावरच्या अधिकाऱ्याची टिपणं कॅनडाच्या सिस्टीममध्ये असतात, आणि हे खोटं पकडलं गेलं तर नव्यानं ५ वर्षांची बंदी लागते. 'हो' लिहा, काय घडलं ते तारखांसह सांगा, नोकरीची खरी कागदपत्रं जोडा. अर्जाआधी परवानाधारक सल्लागाराकडून ती टिपणं मागवून घ्या, म्हणजे तुमचं म्हणणं त्यांच्या नोंदीशी ताडून पाहता येईल.