सकाळी या, संध्याकाळी दात घेऊन जा? फुल आर्च इम्प्लांटबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत, वरची नाहीतर खालची अख्खी दातांची ओळ इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात रुतवलेल्या स्क्रूंवर, बसवायची की नाही, यालाच फुल आर्च म्हणतात. त्यामुळे या अंकात दुसरं काही घेत नाही, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न : वय ६१. पायोरियामुळे वरचे जवळपास सगळे दात हलतात, खालचे सात-आठ मात्र चांगले आहेत. डॉक्टर म्हणाले वरचे खालचे सगळेच काढू, दोन्हीकडे फुल आर्च करू, एका दिवसात दात मिळतील. खरंच होतं का एका दिवसात?

होतं, पण संध्याकाळी जे दात घेऊन तुम्ही घरी जाता ते टेम्पररी असतात, हे सांगितलं का कोणी? तो ॲक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकचा, हलका ब्रिज असतो, एकमेकांना जोडलेल्या दातांची अख्खी ओळ. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, पहिल्या दिवशी तो घट्ट वाटतो तो नुसता आवळून बसवलाय म्हणून, खरी पकड येते ती हाड त्याच्या अंगाला चिकटून वाढतं तेव्हा आणि त्याला तीन ते सहा महिने लागतात, खाली जरा लवकर, वर उशिरा, कारण वरचं हाड भुसभुशीत असतं. गंमत अशी की मधल्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास पकड सगळ्यात कमी असते, कारण आवळलेलं जुनं हाड झिजत असतं आणि नवीन अजून पुरतं बनलेलं नसतं. आणि नेमकं तेव्हाच पेशंटचं दुखणं थांबलेलं असतं, सूज गेलेली असते, आणि माणूस म्हणतो आता चावून बघू या. तर तसं बघायचं नाही. पहिले दोन-तीन महिने जे चमच्याने दाबून तुटेल तेवढंच खायचं.

दुसरं म्हणजे त्याच दिवशी दात बसवायचे की नाही हे खरं तर ऑपरेशनच्या टेबलावर ठरतं. स्क्रू आवळताना साधारण ३५ न्यूटन सेंटीमीटर इतका टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मिळाला तर त्यावर लगेच ब्रिज लावतात, नाही मिळाला तर हिरडी शिवून थांबायचं आणि तोपर्यंत साधी कवळी. म्हणून आधीच विचारून ठेवा की टॉर्क नाही मिळाला तर काय करणार. "तसं होतच नाही" असं उत्तर आलं तर मी तरी तिथून उठेन.

आता तुमच्या खालच्या सात-आठ चांगल्या दातांबद्दल. ते का काढायचे हे मला तुमच्या पत्रावरून कळलं नाही. कधीकधी कारण असतं, म्हणजे दात वरून बरे दिसतात पण एक्सरेत मुळाशी हाडच उरलेलं नसतं. पण वरचे काढायचेच आहेत तर खालचेही उरकून टाकू, हे काही कारण नाही. फुल आर्चमध्ये नुसते दात जात नाहीत, बऱ्याचदा जबड्याच्या हाडाची कडाही घासून सपाट करतात, कारण ब्रिजला जाडीसाठी जागा लागते आणि खोटी गुलाबी हिरडी जिथे संपते ती रेघ हसताना ओठाखाली लपायला लागते. ते घासलेलं हाड परत येत नाही. खालच्यासाठी एखाद्या पेरिओडॉन्टिस्टचं, म्हणजे हिरड्यांच्या स्पेशालिस्टचं मत घ्या, ज्याला इम्प्लांट विकायचे नाहीत अशाचं घेतलंत तर उत्तम. आणि पायोरिया आहे तो आधी आटोक्यात आणा, तोच रोग पुढे इम्प्लांटभोवतीही होतो.

प्रश्न : एक जण म्हणतो चार इम्प्लांट पुरेत, दुसरा म्हणतो सहा लागतील. जास्तीचे दोन म्हणजे नुसतं बिल वाढवणं का?

नाही हो, प्रत्येक वेळी तसं नसतं. चारची पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी १९९०च्या दशकात पुढे आणली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन ३० ते ४५ अंश तिरके. तिरके कशासाठी, तर वरच्या जबड्यात मागे सायनसची पोकळी असते आणि खालच्या जबड्यात हनुवटीकडे जाणारी नस असते, त्यांना न छेडता जिथे चांगलं हाड आहे तिथेच स्क्रू रुतवायचा. खाली हाड टणक असतं, तिथे चार बऱ्याचदा पुरतात. वर मात्र, हाड मऊ असेल किंवा माणूस रात्री दात खात असेल तर मी पाच-सहाकडे झुकते, कारण चारातला एक गेला तर तीनवर अख्खा ब्रिज उभा करणं अवघड आणि मग सगळं नव्याने. सहातला एक गेला तर बरेचदा निभावून जातं.

पण हा आकडा तुमचा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्सरे, न बघता कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे. साध्या एक्सरेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. स्कॅन समोर लावून "इथे किती हाड आहे, नस कुठून जाते" ते दाखवा म्हणावं, दाखवतात.

प्रश्न : आईचं वय ७२, शुगर आहे आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून दर सहा महिन्यांनी इंजेक्शन चालू आहे. या वयात करावं का?

वयाचं फारसं काही नाही. शुगर आहे पण ताब्यात असेल तर होतं, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी आकडा) चांगलाच वर असेल तर आधी तो खाली आणायचा, जखम भरत नाही आणि इन्फेक्शनही लवकर होतं.

मला काळजी आहे ती इंजेक्शनची. सहा महिन्यांनी घ्यायचं म्हणजे ते बहुधा डेनोसुमॅब असावं, नाव तपासा. हे काय किंवा बिस्फॉस्फोनेट गटातल्या गोळ्या-इंजेक्शनं काय, यांच्यामुळे क्वचित का होईना पण दात काढल्यावर किंवा हाडाला हात लावल्यावर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडून मरायला लागतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला हा धोका कमी, कॅन्सरसाठी मोठा डोस असतो तेव्हा बराच जास्त. म्हणून डेंटिस्टला हे पहिल्याच भेटीत सांगायचं, त्यांनी विचारलं नाही तरी. आणि कृपा करून इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका, डेनोसुमॅब मध्येच सोडलं तर मणक्याची हाडं मोडण्याचा धोका वाढतो. तिचे हाडांचे डॉक्टर आणि ओरल सर्जन यांना एकमेकांशी बोलू दे.

रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, जबड्याला कधी रेडिएशन दिलेलं असेल, तेही असंच आधी सांगायचं. सिगारेट-तंबाखूचं तर सांगायलाच नको, तरी सांगते, ओढणाऱ्यांचे इम्प्लांट जास्त फेल जातात.

आणखी एक. आईची बोटं नीट चालतात का? फिक्स ब्रिजच्या खालून रोज सफाई करावी लागते. ते जमणार नसेल तर खाली दोनच इम्प्लांट घालून त्यावर बटणासारखी बसणारी, काढता येणारी कवळी, म्हणजे ओव्हरडेंचर, तिला जास्त सोयीची पडेल. काढायची, धुवायची, परत लावायची. ऑपरेशन लहान, खर्च कमी, आणि नुसत्या कवळीसारखी ती खाली नाचत नाही. लोकांना "फिक्स"चंच कौतुक असतं म्हणून हा पर्याय कुणी विचारत नाही.

प्रश्न : पक्के दात झिरकोनियाचे घ्यावेत की ॲक्रिलिकचे?

झिरकोनिया म्हणजे पांढरं सिरॅमिक, कडक, डाग धरत नाही, वास धरत नाही, पण तडा गेला तर तोंडात दुरुस्ती होत नाही, लॅबला नवीनच करावा लागतो. आत टायटॅनियमचा बार असलेलं ॲक्रिलिक झिजतं, एखादा दात निसटतो, पण पटकन दुरुस्त होतं. रात्री दात खात असाल तर काहीही घ्या, नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, लागणारच. आणि ब्रिज स्क्रूने बसवलेला आहे ना ते विचारा, सिमेंटने चिकटवलेला नको, पुढे काढायची वेळ येते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी वरचं फुल आर्च केलं. दुखत काही नाही पण हल्ली तोंडाला वास येतो आणि ब्रश करताना रक्त येतं. जिथे केलं ते क्लिनिक आता बंद झालंय. नकली दातांना काय होणार म्हणून मी कधी चेकअपला गेलो नाही.

हे पत्र मी दोनदा वाचलं. दादा, दातांना नाही, पण त्यांच्या खालच्या हाडाला होतं. खऱ्या दाताभोवती एक बारीक पडदा असतो, दातावर जोर आला की तो लगेच कळवतो, इम्प्लांटला तो नसतो. त्यामुळे भोवती घाण साचून हाड खचत जातं तरी दुखत नाही, स्क्रू हलायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. नुसती हिरडी सुजली असेल तर साफसफाईने बरं होतं, हाड गेलं असेल तर काम वाढतं. म्हणून रक्त येतंय ते या आठवड्यातच दाखवा, ब्रिज काढून खालून साफ करायला आणि एक्सरे काढायला सांगा.

आणि जायच्या आधी जुनी फाईल शोधा. इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, साईज, लॉट नंबर. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि पाने वेगळे असतात, नवीन डॉक्टरला ते माहीत नसेल तर नुसता ब्रिज उघडायलाच त्याची दमछाक होते. ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी हे कार्ड त्याच दिवशी हातात मागून घ्यावं, आणि ब्रिज तुटला, स्क्रू ढिला झाला तर कोण बघणार, किती वर्षं आणि फुकट की पैसे घेऊन, हेही लेखी.

रोजचं म्हणाल तर मऊ ब्रश, ब्रिजखालून फिरवायचा जाड फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश, आणि झोपायच्या आधी वॉटर फ्लॉसर. पाच मिनिटं जातात. तुम्हाला हे दोन वर्षं कोणी दाखवलंच नाही, यात चूक तुमची एकट्याची नाही.

प्रश्न : टेम्पररी दात लावून दहा दिवस झाले, बोलताना "स" म्हटलं की शिट्टी येते. फोन उचलायची लाज वाटते. जाईल ना हे?

बहुतेकांचं जातं. जीभ नवीन जागा शिकत असते, काही आठवडे लागतात. रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाचा, घरचे हसले तर हसू दे. महिन्याभरानंतरही शिट्टी तशीच असेल तर टेम्पररी ब्रिजची आतली बाजू घासून पातळ करता येते किंवा थोडी भर घालता येते, आणि हे पक्क्या दातांचं माप द्यायच्या आधीच डॉक्टरला ऐकवा, झिरकोनिया तयार होऊन आला की मग फार काही करता येत नाही.