टाकीत हवा किती, ते आधी बघा

प्रश्न : सहा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग केलं, आता स्वतःचं छोटं दुकान टाकतोय. कामं म्हणजे दुचाकीच्या टाक्या, बंपर, मधूनच एखादा दरवाजा. १ एचपीचा, ५० लिटर टाकीचा जुना कॉम्प्रेसर घेतलाय. रंगाच्या स्प्रे गनसाठी सहा हजार बाजूला काढलेत. सगळे म्हणतात एचव्हीएलपीच घे, रंग वाचतो. नोझल १.३ मिमीचं घेऊ की १.४?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : १.३ की १.४ हा वाद दोन पेंटर चहाला बसले की घालायचा. त्या फरकानं तुमचं काम बिघडणार नाही. बिघडेल ते त्या १ एचपीनं.

एचव्हीएलपी म्हणजे हवा भरपूर आणि दाब कमी. एअर कॅपपाशी, म्हणजे गनच्या तोंडावरच्या टोपीपाशी, दाब जेमतेम १० पीएसआय, म्हणून रंग पत्र्यावर आपटून उडत नाही, बसतो. रंग वाचतो हे खरंच आहे. पण ही गन मिनिटाला ३०० ते ४०० लिटर हवा खाते आणि तुमचा कॉम्प्रेसर देणार साधारण १००. आता हिशोब करा. टाकीत ८ बार हवा आहे आणि ३ बारपर्यंत ती कामाची आहे, म्हणजे हातात आली २५० लिटर. गन ३५० ओढतेय, मागून १०० येतेय. एका मिनिटात खेळ संपला, आणि तोवर तुमचा अर्धा दरवाजाही झालेला नसतो.

हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात शेड घेतली तेव्हा हौसेनं भारीतली एचव्हीएलपी आणली होती, आणि कॉम्प्रेसर होता २ एचपीचा. पहिलंच काम सिल्व्हर मेटॅलिकचा दरवाजा. वरचा भाग असा बसला की मीच खूश. हँडलच्या खाली आलो तशी हवा दम सोडायला लागली. रंग बारीक उडायचा तो थेंबाथेंबानं पडायला लागला आणि सिल्व्हरमध्ये काळपट ढग उठले. सिल्व्हर कुणाला माफ करत नाही. दरवाजा घासून तीनदा मारला, तिन्ही वेळा तेच. गन खोटी निघाली म्हणून शेजारच्या पेंटरला पडत्या भावात देऊन टाकली. त्याच्याकडे ५ एचपीचा कॉम्प्रेसर. त्यानं त्याच गननं वर्षानुवर्षं गाड्या मारल्या, आणि मी दिसलो की विचारायचा, ‘काय, अजून एखादी खराब गन आहे का द्यायला?’

तुमच्या हवेला परवडेल ती गन घ्या. वर कप असलेली छोटी टच-अप गन, नोझल ०.८ किंवा १.०, टाक्यांना आणि बंपरच्या कोपऱ्यांना पुरते. दरवाजासाठी एलव्हीएलपी, म्हणजे हवाही कमी आणि दाबही कमी, १.३ नोझलची. मिनिटाला १५०-२०० लिटरमध्ये भागवणारीच बघा, खोक्यावर आकडा असतो. तरीसुद्धा दरवाजाचा एक हात झाला की थांबायचं, टाकी भरू द्यायची, मग पुढचा हात. प्रायमरला वेगळी साधी १.८ ची ठेवा. प्रायमर मारलेल्या गनमधून क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारलं की कुठून तरी एक कण येतोच, आणि तो बरोबर बोनेटच्या मध्यावर बसतो. सहा हजारांतले थोडे गनच्या बुडाशी बसणाऱ्या रेग्युलेटरला आणि पाणी अडवणाऱ्या फिल्टरला राखून ठेवा. पावसाळ्यात टाकीच्या तळाचं पाणी रोज सकाळी सोडायचं. किती निघतं ते एकदा बघितलंत की पुन्हा कुणी सांगावं लागणार नाही.

दुकानात गन नुसती हातात घेऊन ‘वजनाला चांगली आहे’ म्हणू नका. दुकानदाराकडे हवा असेल तर कपात पाणी घाला, वीतभर अंतरावरून वर्तमानपत्रावर क्षणभर ट्रिगर दाबा. ओला पट्टा मधे भरलेला आणि दोन्ही टोकांना सारखा निमुळता हवा. एका बाजूला फुगला किंवा केळ्यासारखा वाकला, तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. फुगवटा बाजू बदलून आला तर दोष कॅपमध्ये. जागेवरच राहिला तर नोझलमध्ये, ती गन ठेवून द्या.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. टू-के म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. वाफेचा फिल्टर असलेला मास्क घ्या आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. गन उशिरा आली तरी चालेल, मास्क आधी.

प्रश्न : काम संपलं की आमचा पोरगा अख्खी गन रात्रभर थिनरच्या डब्यात बुडवून ठेवतो. चांगली साफ होते. चालेल ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. आतली पॅकिंगं फुगतात, वंगण धुऊन जातं, आणि महिन्याभरात निडलच्या, म्हणजे ट्रिगरनं मागे सरकणाऱ्या सुईच्या, मागून रंग झिरपायला लागतो. कपात थोडं थिनर घालून मारून काढा. मग आधी निडल ओढायची आणि नंतर नोझल खोलायचं. बसवताना उलट, नोझल पक्कं आवळल्यावर निडल. कॅपची भोकं तुंबली तर फक्त कॅप थिनरमध्ये भिजत घाला. तार घालू नका, भोक तसूभर वाकडं झालं की पट्टा वाकडा. आम्ही खराट्याची काडी वापरतो.