‘आम्ही फक्त खोल्या देतो’ : दिव्यांग प्रौढांच्या निवासगृहांवर देखरेख कुणाची?

प्रश्न : माझी बहीण ३४ वर्षांची, बौद्धिक दिव्यांग आहे. आई-वडील थकल्यामुळे तिच्यासाठी पुण्याजवळच्या बंगल्यातले एक निवासगृह पाहिले. चालक म्हणतात, ‘मुली इथे स्वतंत्र राहतात, आम्ही फक्त खोल्या देतो. नोंदणी लागत नाही.’ हे खरे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खोलीबरोबर जेवण, औषधे वेळेवर देणारी ताई आणि रात्रीची राखण असेल, तर ते नुसते भाड्याचे घर उरत नाही. दिव्यांगांची देखभाल, संरक्षण किंवा पुनर्वसन करणारी जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ‘संस्था’ ठरते आणि कलम ५० प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय ती चालवता येत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी किंवा ८०जीचा कागद दाखवला, तर तेवढ्यावर थांबू नका. त्यांचा संबंध न्यासाच्या कारभाराशी आणि करसवलतीशी असतो, आत राहणाऱ्यांच्या देखभालीशी नाही.

प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. त्यावरचा पत्ता याच बंगल्याचा आहे का, मुदत कधी संपते, हे पाहा. नोंदणी निवासी संस्थेची आहे की दिवसा चालणाऱ्या कार्यशाळेची, हे मात्र नक्की विचारा. घाईत नेमके तेच पाहायचे राहते. ‘नूतनीकरणाला टाकले आहे’ असे उत्तर मिळाले तर अर्जाची पोच मागा, कारण तो अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यावा लागतो.

एवढ्याने समाधान झाले नाही, तर जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा दिव्यांग कल्याण कार्यालयाकडे १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘तपासणी झाली का’ असे विचारू नका. ‘गेल्या तीन वर्षांतील तपासणी अहवालांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहा. प्रश्न विचारला की एका शब्दात बोळवण होते, कागद मागितला की कागद द्यावा लागतो. मुदत ३० दिवसांची आहे.

आगीचे वेगळे पाहा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या इमारतीसाठी आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते मागा. रात्री दाराला बाहेरून कुलूप असते का आणि किल्ली कुणाच्या खिशात असते, हे रात्रपाळीच्या माणसालाच विचारा. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या एका निवासगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण गेले. साखळीने बांधलेले असल्याने त्यांना पळताच आले नाही.

आणि बहिणीला विचारलेत का? अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही, हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ५ सांगते.

प्रश्न : भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तो ज्या पुनर्वसनगृहात राहतो तिथे फोन काढून घेतात आणि स्वयंपाकघरात फुकट राबवतात. समाजकल्याण कार्यालय म्हणते, हे आमच्याकडे येत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अशा गृहाला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागू होतो आणि नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे लागते. कामाची सक्ती करता येत नाही, केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो आणि वाजवी वेळी फोन करण्याचा हक्क असतो. आधी त्या गृहाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जा; तिथे शुल्क नाही.

हा अर्ज भावाने स्वतः करावा किंवा त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्याने लिहून नेमलेल्या व्यक्तीने. नामनिर्देशन साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने होते. भाऊ बरा असताना हा कागद करून ठेवा. नंतर नातेवाइकांत मतभेद झाले, तर ‘प्रतिनिधी कोण’ यातच वेळ जातो. मारहाण किंवा साखळी दिसली तर मात्र मंडळाची वाट पाहू नका, थेट पोलिसांकडे जा. दिव्यांग कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यालाही, म्हणजे तालुक्यात तहसीलदाराला, कुणीही माहिती देऊ शकते.

प्रश्न : चुलतभाऊ माझ्या स्वमग्न मावसबहिणीचा कायदेशीर पालक आहे. तिच्या पैशांचा हिशेब कोण पाहते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नेमणूक राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली झाली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब द्यावा लागतो. समितीला पत्र लिहून हिशेब जमा झाला का, हे विचारा. पैशांचा अपहार किंवा हेळसांड दिसली तर पालकाला हटवण्यासाठी नातेवाईक अर्ज करू शकतात. बँकेचे खातेउतारे सोबत जोडा.