सेप्टिक टँक असलेले घर भाड्याने घेण्यापूर्वी

आपण विचारले आहे की, मुलीच्या अकरावी-बारावीसाठी लातुरात दोन वर्षांकरिता घर घ्यायचे असून पसंत पडलेले घर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत आहे, तिथे भुयारी गटार नाही, संडासाची टाकी घरामागे आहे आणि "टाकी मोठी आहे, दहा वर्षांत उघडावी लागली नाही" एवढेच घरमालक सांगतात. तर हे घर घ्यावे का? नोकरीनिमित्त परभणी, अंबाजोगाई आणि लातूर येथे मी वर्षानुवर्षे अशाच घरांत भाड्याने राहिलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

घर घेण्यास हरकत नाही, पण मालकांच्या त्या वाक्याने मी निश्चिंत होण्याऐवजी सावध झालो असतो. टाकीत मैल्याचा जड भाग तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जाते. तळाचा गाळ कुजून कमी होतो, पण संपत नाही. म्हणून टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. दहा वर्षे उपसली नसेल तर बहुधा गाळ वाहून जाऊन शोषखड्डा बुजत आला असेल, किंवा टाकीचे पाणी सरळ मागच्या नालीत सोडलेले असेल, किंवा ती मुळात टाकी नसून तळ न बांधलेला नुसता खड्डा असेल.

म्हणून डिपॉझिट देण्यापूर्वी मालकांसमक्ष झाकण उघडायला सांगावे. गाळ मोजण्याची जुनी रीत सोपी आहे: लांब बांबूच्या टोकाला हातभर उंचीपर्यंत पांढरे फडके घट्ट गुंडाळायचे, बांबू सावकाश तळाला टेकवायचा आणि थोड्या वेळाने वर काढायचा. फडक्यावर जिथवर दाट काळा चिखल चिकटतो, तिथवर गाळ असतो. तो टाकीतील पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाइतका असेल, तर राहायला जाण्यापूर्वीच उपसा झाला पाहिजे. हे काम शक्यतो उपसा करणाऱ्या गाडीवाल्याकडून करून घ्यावे. कोणीही झाकणावर वाकून डोकावू नये आणि जवळ काडी पेटवू नये, कारण आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठलेले असतात.

लातुरात त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ही टाकी किती माणसे वापरतात. भारतीय मानकानुसार पाच माणसांसाठी, दर दोन वर्षांनी उपसा धरून, दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी टाकी पुरते. मालकांनी ती आपल्या कुटुंबापुरती बांधलेली असते आणि नंतर वरच्या मजल्यावर खोल्या काढून क्लासची दहा-बारा मुले ठेवलेली असतात. पाणी टाकीत पुरेसे थांबत नाही आणि गाळ न बसताच पुढे सरकतो. वर आज किती मुले आहेत आणि पुढे किती येणार आहेत, हे स्पष्ट विचारावे.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी शोषेनाशी होते. मे महिन्यात घर पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. परभणीच्या घरात आमचे तेच झाले. जुलैच्या झडीच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मोरीतून गुडगुड आवाज आला आणि जाळीतून काळपट पाणी वर चढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागले. घरात सहा महिन्यांचे बाळ होते. शेजाऱ्यांना आधीच विचारले असते, तर ते घर दर पावसाळ्यात असेच तुंबते हे आम्हाला कळले असते. आपण निदान दोन शेजारी गाठून पावसाळ्याबद्दल अवश्य विचारावे.

त्या वेळी मालकांनी बादल्या घेऊन दोन माणसे पाठवली होती. त्यांना आम्ही टाकीत उतरू दिले नाही, आणि आपणही कोणत्याही परिस्थितीत उतरू देऊ नये. सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे मे 2023 मध्ये टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणे हा गुन्हा असून पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. उपसा सक्शनच्या गाडीनेच करावा. गाडी बोळात शिरते का आणि तिचा पाइप टाकीपर्यंत पोहोचतो का, हेही पाहून ठेवावे.

घरात बोअरचे पाणी असेल, तर ते टाकीच्या शोषखड्ड्यापासून किती दूर आहे ते पावलांनी मोजावे. मानकात पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर अंतर सांगितले आहे. छोट्या प्लॉटवर ते सहसा मिळत नाही, आणि शेजाऱ्याचा शोषखड्डाही कुंपणाला लागूनच असतो. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि जंतूंबरोबर नायट्रेटही पाहायला सांगावे, कारण नायट्रेट उकळल्याने जात नाही.

आता करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार मालकाने नोटिशीनंतर पंधरा दिवसांत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, परंतु अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स (घर वापरण्याच्या केवळ परवानगीच्या) करारात आपण कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसता, त्यामुळे या कलमावर विसंबता येत नाही. म्हणून पुढील बाबी करारातच लिहून घ्याव्यात: टाकी शेवटची कधी उपसली ती तारीख, उपशाचा आणि शोषखड्ड्याच्या दुरुस्तीचा खर्च मालकांकडे, तुंबल्यास किती दिवसांत गाडी बोलावणार, आणि न बोलावल्यास तो खर्च पावतीसह भाड्यातून वजा करण्याची मुभा. सॅनिटरी पॅड किंवा कापड टाकल्याने पाइप तुंबला तर तो खर्च आपला, हे आपणही मान्य करावे. ते रास्त आहे. करार नोंदणीकृत असावा, ती जबाबदारी कलम 55 नुसार मालकांची आहे. एवढे लिहून द्यायला किंवा झाकण उघडायला ते तयार नसतील, तर घर क्लासच्या कितीही जवळ असले तरी मी ते घेणार नाही.