सरकत्या भिंतींवर खर्च करावा का?

प्रश्न : आमच्या कंपनीला मोकळ्या भूखंडावर कार्यालय संकुल उभारायचे आहे. आज आम्ही सुमारे चारशे जण आहोत. पुढे ही संख्या वाढेल की घटेल, हे सांगता येत नाही. जागा लवचीक राहावी म्हणून सर्वत्र सरकत्या भिंती बसवण्याचा सल्ला मिळाला आहे, पण तो खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो स्वस्तही आहे. लवचीकता सरकणाऱ्या वस्तूंपेक्षा न हलणाऱ्या वस्तू कुठे ठेवल्या यावर अवलंबून असते. ब्रिटिश वास्तुरचनाकार फ्रँक डफी यांनी इमारतीची विभागणी आयुर्मानानुसार केली: सांगाडा सुमारे ५० वर्षांचा, वीज-पाणी-वातानुकूलन १५ वर्षांचे आणि पार्टिशन, फॉल्स सीलिंग वगैरे ५ ते ७ वर्षांचे. यातले अल्पायुषी दीर्घायुषीत गाडले, म्हणजे वायरी स्लॅबमध्ये आणि नळ भिंतीत चिणले, की प्रत्येक फेरबदलाला छिन्नी-हातोडा लागतो.

म्हणून जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे आणि डक्ट (नळ-वायरी वर नेणारे उभे पोकळ मार्ग) मजल्याच्या मध्यभागी न ठेवता टोकांना किंवा एका बाजूला न्यावेत. डक्टमध्ये थोडी जागा रिकामी सोडावी आणि मजल्याची उंची कापू नये, कारण ती नंतर कोणत्याही किमतीला वाढवता येत नाही. संपूर्ण आखणी १.५ मीटरच्या पटीत करावी. खांबांमधील अंतर ७.५ किंवा ९ मीटर ठेवल्यास ते या पटीत बसते. खिडक्यांच्या चौकटी, दिवे आणि हवेच्या जाळ्याही याच मापावर हव्यात. तसे नसले की नवे पार्टिशन नेमके काचेच्या मध्यावर येऊन थांबते, ती फट प्लायवूडच्या पट्टीने बुजवावी लागते आणि शेजारच्या केबिनमधले बोलणे त्यातून ऐकू येतच राहते.

मजल्याची रुंदी १३ ते १५ मीटर असावी. याहून रुंद इमारतीत चौरस मीटरमागे बाहेरची भिंत कमी लागते, त्यामुळे ती बांधायला स्वस्त पडते हे खरे; पण मधल्या रांगांत दिवसभर दिवे जळतात, आणि ते बिल दर महिन्याला येते.

काटकसर करायची तर तळघरातील पार्किंग, फॉल्स सीलिंग आणि दर्शनी भागाचा थाट यांत करा. भूखंड पुरेसा असेल तर एक मोठी इमारत बांधण्याऐवजी दोन-तीन मजल्यांचे सारखे ब्लॉक टप्प्याटप्प्याने बांधा. प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र प्रवेश आणि वीजमीटर असला, तर माणसे घटल्यावर तो भाड्याने देता येतो. मात्र सांडपाण्याची मुख्य वाहिनी पहिल्याच टप्प्यात पूर्ण क्षमतेची टाका आणि दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची जागा राखून ठेवा.

आराखडा मंजूर करण्यापूर्वी वास्तुरचनाकाराकडून एकाच मजल्याची दोन रेखाचित्रे मागवा: एक पूर्ण मोकळ्या बैठकीचे, दुसरे निम्मा मजला केबिनांनी भरलेले. दुसऱ्यात एखादी केबिन खांबावर आदळत असेल किंवा डक्ट हलवावा लागत असेल, तर आराखडा परत पाठवा.